आस्टोरिया: एका जुन्या, लहान क्रूझ जहाजाची लांबलेली विक्री

ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडच्या ऍडमिरल्टी मार्शलच्या, म्हणजे सागरी न्यायालयाच्या अधिकाऱ्याच्या, आदेशावरून पाच प्रवासी जहाजांचा लिलाव झाला. क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस ही ब्रिटिश कंपनी करोनाच्या साथीत बुडाली, 20 जुलै 2020 रोजी तिचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला, आणि तिच्या ताफ्यातली वास्को द गामा, कोलंबस, मॅगेलन, मार्को पोलो आणि ॲस्टर ही जहाजे घेणेकऱ्यांची देणी भागवण्यासाठी विकायला काढण्यात आली. त्याच ताफ्यात आस्टोरिया नावाचे सहावे जहाजही चालत होते. ते कंपनीच्या मालकीचे नव्हते, भाड्याने घेतलेले होते, त्यामुळे ते या लिलावात आले नाही. विकायचे, थांबायचे की मोडीत काढायचे हे ठरवण्याची मोकळीक त्याच्या मालकाकडे राहिली.

लिलावातल्या पाच जहाजांचा निकाल एका महिन्यात लागला. आस्टोरियाचा निकाल लागायला 2025 चा उन्हाळा उजाडला, आणि तो बेल्जियममधल्या घेंटच्या जहाजतोडणी कारखान्यात लागला. मधली जवळजवळ पाच वर्षे हे जहाज कोणताही प्रवासी न घेता, कोणताही महसूल न मिळवता बंदरात बांधलेले होते. जुन्या, लहान प्रवासी जहाजाच्या विक्रीचा विचार करताना मालक नेमके कशात अडकतो हे समजून घेण्यासाठी या एका जहाजाइतके बोलके प्रकरण मला दुसरे दिसत नाही. ज्यांच्यावर विकण्याची सक्ती होती त्यांना बाजारात उपलब्ध असलेला भाव मिळाला, आणि ज्याला थांबण्याची मुभा होती त्याची किंमत त्या थांबण्यातच झिजली, असे माझे मत आहे. ते का, हे आकड्यांसह मांडण्याचा पुढे प्रयत्न केला आहे.

जहाज काय होते

आस्टोरियाचा सांगाडा गोथेनबर्गच्या योताव्हेर्केन गोदीत बांधला गेला. स्वीडिश अमेरिकन लाइनने त्याची मागणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच नोंदवली होती. 1946 मध्ये जलावतरण झाले आणि फेब्रुवारी 1948 मध्ये स्टॉकहोम या नावाने जहाज न्यूयॉर्कच्या पहिल्या फेरीवर निघाले. त्या वेळी स्वीडनमध्ये बांधलेले ते सर्वांत मोठे प्रवासी जहाज होते, पण उत्तर अटलांटिकच्या मार्गावर चालणाऱ्या प्रवासी जहाजांमध्ये ते सर्वांत लहान होते. लांबी सुमारे 160 मीटर. हा लहानपणा त्याला शेवटपर्यंत चिकटून राहिला आणि विक्रीच्या प्रत्येक वाटाघाटीत आडवा आला.

25 जुलै 1956 च्या रात्री नॅनटकेट बेटाजवळच्या धुक्यात स्टॉकहोमची नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, इटलीच्या आंद्रेआ दोरिया या जहाजाच्या कुशीत घुसली. आंद्रेआ दोरिया दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले. त्यावरची 46 माणसे आणि स्टॉकहोमवरची 5 माणसे दगावली. आंद्रेआ दोरियाच्या खोलीत झोपलेली एक 14 वर्षांची मुलगी अंथरुणातून उचलली जाऊन स्टॉकहोमच्या चेपलेल्या नाळेवर पडली आणि जिवंत सापडली. त्याच चेपलेल्या नाळेनिशी, पाचशेहून अधिक वाचवलेल्या माणसांना घेऊन, स्टॉकहोम स्वतःच्या इंजिनावर न्यूयॉर्कला पोहोचले. ब्रुकलिनच्या गोदीत खराब झालेला पुढचा भाग कापून काढून नवा बसवण्यात आला. पुढे विक्रीच्या वेळी वारशाचा मुद्दा निघाला तेव्हा ही दुरुस्ती महत्त्वाची ठरली.

1960 मध्ये जहाज पूर्व जर्मनीला विकले गेले. तिथल्या कामगार संघटनेने फोल्करफ्रॉइंडशाफ्ट या नावाने ते 1985 पर्यंत कामगारांच्या सुट्टीच्या सफरींसाठी चालवले. त्यानंतर काही काळ ते ऑस्लोमध्ये निर्वासितांचे निवासस्थान म्हणून वापरात होते. 1989 मध्ये इटालियन मालकांनी ते जेनोआला नेले. जेनोआ हे आंद्रेआ दोरियाचे घरचे बंदर असल्यामुळे तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याचे स्वागत ‘मृत्यूचे जहाज’ म्हणून केले. पुढच्या काही वर्षांत जहाजाचा वरचा सगळा भाग उतरवून सांगाडा उघडा करण्यात आला, इंजिने बदलण्यात आली, आतली रचना पूर्णपणे नव्याने झाली, आणि 1994 मध्ये इटालिया प्रिमा म्हणून ते पुन्हा समुद्रात उतरले. नंतरची नावे वाल्तूर प्रिमा, कारिबे, अथेना, अझोरेश आणि अखेरीस आस्टोरिया. अथेना असताना, 2012 मध्ये, चालवणारी पोर्तुगीज कंपनी अडचणीत आली आणि थकलेल्या बिलांपायी मार्सेय बंदरात जहाज जप्त झाले. 2013 मध्ये लिस्बनच्या दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतले, पण तिचाही डाव फार काळ टिकला नाही.

1960 ची विक्री सोडली तर बाकीच्या बहुतेक विक्री मागचा मालक अडचणीत आल्यामुळे किंवा जहाज निरुपयोगी ठरल्यामुळे झाल्या आहेत. तरीही प्रत्येक वेळी कोणीतरी पुढे आले, कारण प्रत्येक वेळी जहाजाला नवे काम देण्याइतकी कमाईची जागा बाजारात शिल्लक होती. 2020 नंतर ती जागाच उरली नाही, हे मालकाने ओळखायला हवे होते.

गिऱ्हाईक कोण असू शकते

अशा जहाजाला तीन प्रकारची गिऱ्हाइके असतात. पहिले, जहाज प्रवासी वाहतुकीसाठीच चालवू इच्छिणारा व्यवसायी. दुसरे, ते धक्क्याला बांधून हॉटेल, वसतिगृह किंवा संग्रहालय करू पाहणारा. तिसरे, लोखंडासाठी घेणारा तोडणी कारखानदार. या तिघांच्या भावात मोठी तफावत असते, आणि मालक बहुधा पहिल्याचा भाव मनात धरून बसतो, दुसऱ्याशी बोलणी करतो आणि शेवटी तिसऱ्याकडे जातो.

पहिल्या गिऱ्हाइकाचा विचार केला तर आस्टोरियात जेमतेम साडेपाचशे प्रवासी मावत. सज्जा असलेल्या खोल्या अगदी मोजक्या. अटलांटिकच्या लाटा झेलण्यासाठी बांधलेला सांगाडा भक्कम असतो, पण पाण्यात खोल बसतो. त्यामुळे लहान जहाजाचा जो मोठा फायदा, म्हणजे उथळ आणि लहान बंदरांत शिरता येणे, तोही पूर्णपणे मिळत नाही. कप्तान, अधिकारी, इंजिन विभाग, विमा, पाच वर्षांनी येणारा मोठा सर्व्हे म्हणजे जहाजाची तपासणी, सुक्या गोदीचा खर्च हे सगळे साडेपाचशे तिकिटांवर वाटावे लागते, तर तीन हजार प्रवाशांच्या जहाजावर हाच खर्च कितीतरी पातळ होतो. स्वस्त सफरींचा बाजार म्हणूनच मोठ्या जहाजांनी घेतला. महाग आणि निवडक सफरींचा बाजार उरला होता, तो 2018–19 पासून ध्रुवीय सफरींसाठी बांधलेल्या नव्या लहान जहाजांच्या लाटेने घेतला. नव्या जहाजाचे तिकीट ज्या भावाने विकले जाते, त्या भावाने 1948 च्या सांगाड्यावरची सज्जा नसलेली खोली विकता येत नाही.

नियमांची बाजूही पाहायला हवी. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार 1 ऑक्टोबर 2010 पासून 1980 पूर्वीच्या प्रवासी जहाजांवर ज्वलनशील बांधकाम ठेवता येत नाही. या एका नियमाने लाकडी पॅनेलांची किती तरी सुंदर जुनी जहाजे तोडणीला पाठवली. आस्टोरिया त्यातून वाचले ते जेनोआत त्याचा अंतर्भाग मुळातून बदलला गेला होता म्हणून. मार्को पोलोही, जे 1965 मध्ये पूर्व जर्मनीत अलेक्सांदर पुश्किन म्हणून बांधले गेले, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीसमध्ये झालेल्या अशाच पुनर्बांधणीमुळे वाचले. म्हणजे दोघांकडेही अर्धशतकाहून जुना सांगाडा आणि जवळजवळ तीस वर्षांचा अंतर्भाग होता, आणि 2020 मध्ये तो अंतर्भागही जुना झाला होता. पुन्हा तसाच खर्च करण्याइतका महसूल आता कोणाच्याच हिशोबात बसत नव्हता.

दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईक मार्च 2021 मध्ये आले. अमेरिकी क्रिप्टो उद्योजक ब्रॉक पियर्स यांनी आस्टोरिया आणि फुन्शाल ही दोन जहाजे घेतल्याच्या बातम्या प्रसिद्ध झाल्या. दोन्हींचे हॉटेल आणि कामाच्या जागा करण्याचा बेत होता. फुन्शाल हे 1961 चे, त्याहूनही लहान, पोर्तुगालचे लाडके जहाज. 2018 च्या अखेरीस एका इंग्लिश हॉटेल कंपनीने ते 39 लाख युरोंना लिलावात घेतले होते आणि ती कंपनी पुढे स्वतःच अडचणीत आली होती. आस्टोरियाच्या बाबतीत बातमी आली, पण जहाज नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात बांधलेले होते तिथून हलले नाही.

हॉटेलचा बेत कोणी मांडला की मालकाने रॉटरडॅमच्याच धक्क्यावर बांधलेल्या दुसऱ्या जहाजाकडे पाहायला हवे होते. 1959 चे रॉटरडॅम हे प्रसिद्ध डच प्रवासी जहाज एका गृहनिर्माण संस्थेने विकत घेऊन हॉटेल केले. ते 2010 मध्ये उघडले तोवर खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढून 20 कोटी युरोंच्या वर गेला होता. 2013 मध्ये एका हॉटेल समूहाने ते सुमारे 3 कोटी युरोंना घेतले, आणि या तोट्याचा उल्लेख नंतर डच संसदेच्या चौकशीतही आला. जहाज आज उत्तम अवस्थेत आहे, पण ते वाचले कोणाच्या पैशाने, हा प्रश्न शिल्लक राहतोच. दुबईने क्वीन एलिझाबेथ 2 हे जहाज 2007 मध्ये 10 कोटी डॉलरला घेतले आणि हॉटेलचे दार उघडायला 2018 उजाडले. हॉटेल करणाऱ्या गिऱ्हाइकाची इच्छा खरी असते. अडचण अशी की जहाजाची किंमत त्याच्या एकूण खर्चातला अगदी छोटा हिस्सा असते आणि उरलेला मोठा हिस्सा तो सौदा झाल्यावर मोजायला बसतो. म्हणून अशा गिऱ्हाइकाकडून मोठी, परत न करण्याची इसार रक्कम घेतल्याशिवाय दुसऱ्या वाटा बंद करू नयेत.

लिलावाचे आकडे काय सांगतात

या प्रकरणाचा गाभा मला पाच जहाजांच्या लिलावाच्या आकड्यांत दिसतो. वास्को द गामा सुमारे 1 कोटी 2 लाख डॉलरला गेले, कोलंबस 53 लाखांना, मॅगेलन 34 लाखांना, मार्को पोलो 27 लाख 70 हजारांना आणि ॲस्टर 17 लाखांना. वरवर पाहता मोठे जहाज महाग आणि लहान जहाज स्वस्त, इतकेच दिसते. पण हे आकडे जहाजाच्या ग्रॉस टनेजने भागून पाहिले की चित्र पालटते. ग्रॉस टनेज हे वजन नव्हे, ते जहाजाच्या बंदिस्त आकारमानाचे माप आहे. वास्को द गामाचे (55,877) दर टनेजला सुमारे 180 डॉलर पडतात, मार्को पोलोचे (22,080) सुमारे 125, कोलंबसचे (63,786) आणि ॲस्टरचे (20,704) सुमारे 83 आणि मॅगेलनचे (46,052) सुमारे 75.

पाचही जहाजांत वास्को द गामा हे सर्वांत तरुण, 1993 चे. प्रवासी वाहतुकीसाठी पुढे चालले ते एकटेच. बाकीची चारही तोडली गेली. ॲस्टर तुर्कस्तानच्या अलियागाला गेले. मॅगेलन, मार्को पोलो आणि कोलंबस 2021 च्या पूर्वार्धात एकामागून एक गुजरातच्या अलंगच्या किनाऱ्यावर चढवले गेले. म्हणजे 180 डॉलर हा जहाजाचा भाव होता आणि 75 ते 125 हा लोखंडाचा भाव होता, मग विकत घेणाऱ्याने लिलावाच्या दिवशी काहीही ठरवलेले असो.

मार्को पोलोचा आकडा मला विशेष विचार करण्यासारखा वाटतो. पाचांत सर्वांत म्हातारे असूनही आकारमानाच्या हिशोबाने ते कोलंबस, मॅगेलन आणि ॲस्टरपेक्षा महाग गेले. अटलांटिकसाठी बांधलेल्या जुन्या सांगाड्यात पत्रा जाड असतो आणि नंतरच्या काळातल्या जहाजांसारखी वरच्या मजल्यांची पोकळ उंची नसते, त्यामुळे दर घनमीटर आकारमानाला लोखंड अधिक निघते, असा माझा अर्थ आहे. ते बरोबर असेल तर आस्टोरियालाही हाच हिशोब लागू होतो. त्याचे ग्रॉस टनेज 16,144. दर टनेजला 75 ते 125 डॉलर धरले तर 2020 च्या ऑक्टोबरमध्ये त्याची किंमत साधारण 12 ते 20 लाख डॉलरच्या दरम्यान निघते. हा माझा अंदाज आहे, पण मालकाला त्या महिन्यात तोच अंदाज कागदावर पाच मिनिटांत मांडता आला असता, कारण तुलनेची पाच उदाहरणे त्याच्या डोळ्यांसमोर विकली जात होती.

लिलावातल्या जहाजांना आणखी एक फायदा होता. न्यायालयाच्या आदेशाने विकलेल्या जहाजाची मालकी निर्वेध मिळते, जुन्या देण्यांचा बोजा जहाजावर राहत नाही, तो विक्रीच्या रकमेवर जातो. खाजगी सौद्यात खरेदीदाराला भीती असते की उद्या एखादा इंधन पुरवठादार किंवा पगार थकलेला खलाशी जहाजावर दावा लावून ते दुसऱ्या बंदरात अडकवील. आस्टोरियाच्या मार्सेयच्या जप्तीचा इतिहास लक्षात घेता ही भीती काल्पनिक नव्हती.

ध्वजाचा प्रश्न

लोखंडाचा भावही प्रत्येक जहाजाला सारखा मिळत नाही. अलंगला भरतीच्या वेळी जहाज स्वतःच्या इंजिनाने किनाऱ्यावर चढवले जाते आणि ओहोटीला उघडे पडले की हाताने कापले जाते. तिथे मजुरी कमी आहे आणि जहाजातली प्रत्येक वस्तू, पलंगापासून भटारखान्याच्या कढयांपर्यंत, रस्त्याकडेच्या दुकानांतून विकली जाते. त्यामुळे अलंगचा कारखानदार युरोपीय कारखान्यापेक्षा बराच जास्त भाव देऊ शकतो.

आस्टोरियाला ही वाट जवळजवळ बंद होती. ते पोर्तुगालच्या मदेरा नोंदणीत होते, म्हणजे युरोपीय संघाच्या ध्वजाखाली. 2013 च्या युरोपीय जहाज पुनर्वापर नियमांनुसार अशा जहाजाची तोडणी युरोपीय यादीतल्या कारखान्यातच करावी लागते. त्या यादीत तुर्कस्तानचे काही कारखाने आहेत, भारताचा एकही नाही. ध्वज बदलून पळवाट काढता येत नाही का, असे कोणी विचारेल. जहाज युरोपीय बंदरात उभे असताना ते मोडीत काढण्याचा हेतू असेल तर ते घातक कचरा ठरते आणि त्याची निर्यात हा गुन्हा होतो. 2018 मध्ये रॉटरडॅमच्याच न्यायालयाने एका डच जहाज कंपनीला नेमक्या याच कारणावरून दोषी ठरवले होते. त्या कंपनीची जहाजे भारत, बांगलादेश आणि तुर्कस्तानला तोडणीसाठी गेली होती. त्या निकालाच्या शहरात बांधलेल्या जहाजाच्या मालकाला कोणत्याही वकिलाने दुसरा सल्ला दिला नसता.

हा नियम मला अन्यायकारक वाटत नाही. 1948 च्या सांगाड्यात ऍस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे आणि ते कोणाच्या फुप्फुसात जाणार हा प्रश्न अलंगच्या मजुरासाठी तितकाच महत्त्वाचा आहे जितका घेंटच्या कामगारासाठी. भारताने 2019 मध्ये जहाज पुनर्वापराचा कायदा केला आणि जहाजे सुरक्षितपणे तोडण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय हाँगकाँग कराराला मान्यता दिली. तो करार 26 जून 2025 पासून अमलात आला. तोपर्यंत अलंगच्या कितीतरी कारखान्यांनी फरशा, निचरा आणि क्रेन यांवर खर्च केला होता. तरीही 2020 चा विचार करता हिशोब असा होतो की आस्टोरियाच्या मालकाच्या हातात लोखंडाचा जो भाव होता, तो मार्को पोलोच्या भावापेक्षा खालचाच होता. मार्को पोलो बहामाच्या ध्वजाखाली होते. माझा 12 ते 20 लाखांचा अंदाज त्यामुळे त्याच्या खालच्या टोकाला, कदाचित त्याही खाली, सरकतो.

थांबण्याचे मोल

बांधलेले जहाज काहीच खात नाही असा समज किनाऱ्यावरच्या लोकांत असतो. प्रत्यक्षात धक्क्याचे भाडे द्यावे लागते, पहारा ठेवावा लागतो, विमा चालू ठेवावा लागतो, गळती पाहायला आणि दोर बदलायला माणसे लागतात. जनरेटर बंद केले की खोल्यांतली हवा कोंडते आणि गालिचे, लाकूड, विजेच्या तारांवरचे आवरण यांना बुरशी आणि ओल धरते. पाण्याखालच्या भागावर शिंपले आणि शेवाळ साचते. समुद्रपाण्याच्या नळांचा पत्रा आतून खाल्ला जातो आणि तो बाहेरून दिसत नाही. सर्व्हेअर हातोडीने ठोकून आणि अल्ट्रासॉनिक यंत्राने जाडी मोजत एकेक पत्रा तपासतो तेव्हा कुठे काय उरले आहे ते कळते. जहाज तपासून ते चालवण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र एकदा संपले की ते पुन्हा मिळवण्यासाठी सुकी गोदी, मोठा सर्व्हे आणि निघतील त्या सगळ्या दुरुस्त्या असा खर्च येतो. पहिल्या प्रकारचे गिऱ्हाईक त्या दिवशीच बाद होते.

समजण्यापुरते धरू की अशा जहाजाला उभे ठेवायला महिन्याला 50,000 डॉलर लागतात. हा मी गृहीत धरलेला आकडा आहे, कोणाच्या खातेवहीतला नव्हे. या दराने दोन वर्षांत 12 लाख डॉलर, म्हणजे माझ्या अंदाजाची खालची बाजू पूर्ण संपते. पाच वर्षांत 30 लाख होतात, म्हणजे मार्को पोलो ज्या किंमतीला विकले गेले त्याहून जास्त. प्रत्यक्ष खर्च याच्या निम्मा असला तरी थांबून मिळालेल्या भावाने तो भरून निघणार नव्हता, कारण लोखंडाचा भाव वाढला तरी जहाजाचे लोखंड वाढत नाही.

या हिशोबात एक खर्च बहुतेक मालक धरतच नाहीत, तो म्हणजे माणसांचा. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या मॅरिटाइम अँड कोस्टगार्ड एजन्सीने आस्टोरियासह त्या कंपनीची जहाजे अडकवली. कारण खलाशांचे संपलेले करार, उशिरा दिलेले पगार आणि बारा महिन्यांहून जास्त काळ जहाजावर राहिलेली माणसे. त्या ताफ्यावर भारतीय कर्मचारी मोठ्या संख्येने होते. गोवा, मुंबई आणि कोकणात अशी किती तरी घरे आहेत, जी क्रूझ जहाजावरच्या पगारावर उभी राहिली आहेत, आणि त्या घरांना जहाजाच्या विक्रीचा प्रश्न हा मालकाचा व्यावसायिक प्रश्न वाटत नाही. पगाराचा दावा सागरी कायद्यात बहुतेक देण्यांच्या आधी येतो, आणि तो तसाच असला पाहिजे. ज्याच्याकडे पगार देण्याची तरतूद नाही त्याच्याकडे जहाज राखून ठेवण्याचीही तरतूद नाही, हे त्या जूनमध्येच स्पष्ट झाले होते.

वारशाच्या नावाने

विक्री लांबण्यामागे आणखी एक कारण होते आणि ते मला मनापासून समजते. आस्टोरिया हे समुद्रात चाललेल्या जुन्या अटलांटिक प्रवासी जहाजांपैकी अखेरचे होते. एवढा इतिहास असलेले जहाज लोखंडाच्या भावाने द्यायला मन धजावत नाही. पण वारसा विकत घेणाऱ्याला नेमके काय मिळणार होते, ते पाहायला हवे. आंद्रेआ दोरियाला धडकलेली नाळ 1956 मध्येच कापली गेली होती. 1948 च्या स्वीडिश खोल्या, जेवणघर, डेक जेनोआत उतरवले गेले होते. मूळ इंजिने नव्हती. उरला होता तो पाण्याखालचा आणि पाण्यालगतचा सांगाडा. स्वीडनच्या कोणत्याही संग्रहालयाने त्यासाठी हात पुढे केला नाही, यात मला आश्चर्य वाटत नाही.

आणि जिथे मूळ जहाज शाबूत असते तिथेही इच्छा पुरेशी नसते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. 1971 च्या युद्धातली विक्रांत 1997 नंतर मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिच्या देखभालीची कायम जबाबदारी कोणी घेतली नाही, 2012 मध्ये संग्रहालय बंद झाले, 2014 मध्ये ती सुमारे 60 कोटी रुपयांना लिलावात गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तोडणी थांबवायला नकार दिल्यावर दारूखान्यात कापली गेली. तिथे भावना नक्की होती. देखभालीची रक्कम दरवर्षी कोण भरणार, याचे उत्तर मात्र कोणाकडे नव्हते.

मालकाने काय करायला हवे होते

माझ्या मते विक्रीची उत्तम वेळ 2020 मध्ये नव्हतीच, ती त्याआधी होती. जहाज भाडेकरारावर चालू असते, प्रमाणपत्रे शाबूत असतात आणि चालवणारी कंपनी तिकिटे विकत असते, तेव्हा खरेदीदाराला चालता धंदा दिसतो. पुढचा पंचवार्षिक सर्व्हे दीड-दोन वर्षांवर असताना विकायला काढणे हा जुन्या जहाजाच्या बाबतीत साधा नियम असायला हवा. सर्व्हेच्या आधी अगदी तोंडावर विकले तर खरेदीदार दुरुस्तीचा सगळा खर्च किंमतीतून कापतो, आणि सर्व्हे करून विकले तर तो खर्च पूर्ण वसूल होत नाही.

ती वेळ गेल्यावर, 2020 च्या ऑक्टोबरमध्ये, मालकापुढे दुसरी संधी होती. बाजारात दलाल जागे होते, खरेदीदार जमले होते, तोडणीचे कारखाने माल शोधत होते. त्या महिन्यात ठरावीक मुदतीची बंद लिफाफ्यातली निविदा काढून, ‘आहे तसे, आहे तिथे’ या अटीवर, दहा टक्के इसाऱ्यासह जहाज विकता आले असते. युरोपीय यादीतल्या तोडणी कारखान्याचा दर त्याच दिवशी मागवून तो तळाचा भाव म्हणून ठरवायला हवा होता, आणि हॉटेल करू इच्छिणाऱ्याला सहा महिन्यांची मुदत देऊन त्या सहा महिन्यांचा धक्का-भाड्याचा खर्च त्याच्याकडूनच घ्यायला हवा होता. मार्च 2021 च्या सौद्यात अशी अट असती तर जहाज हलले नाही तरी मालकाचा त्या मुदतीतला खर्च भरून निघाला असता आणि सप्टेंबर 2021 मध्ये तो पुन्हा मोकळा झाला असता.

तसे काही झाले नाही. आस्टोरिया रॉटरडॅममध्येच राहिले, तोडणीच्या बातम्या अधूनमधून येत राहिल्या, आणि 2025 मध्ये टग म्हणजे ओढबोटींनी ओढत नेलेले ते जहाज घेंटला पोहोचले. तिथला कारखाना युरोपीय यादीतला आहे. तो 2020 मध्येही चालू होता.